सहा चाकांचं घर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये दोघातिघांनी विचारलंही, "काय रे, लिहिणं बंद केलंस की काय?" बंद नाही केलं, पण गेले चार महिने आमच्या घरात एकच विषय चालू होता: टायर. सकाळी चहाला टायर, रात्री जेवताना टायर. डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं, म्हणून शेवटी त्यावरच लिहायला बसलो. दादा हे वाचत नाही. पण त्याच्या मुली आणि जावई वाचतात, त्यामुळे जरा जपून लिहितो.

ज्यांना आमचं राहनाळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालात की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावं लागतात. गावं म्हणायची आपली, आता सगळी गोडाऊनंच. मुंबईत जकात होती तेव्हा जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवायला जागा हवी म्हणून इथे गोडाऊनं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊनं वाढतच राहिली. आमचे वडील सिन्नरहून भिवंडीला लूमवर कामाला आले आणि दादा लूमवर न जाता ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. तेव्हापासून आमच्या घराला डिझेलचा वास आहे. मी तेवढा हिशेबाच्या नोकरीत गेलो.

तर झालं असं की, दादाने मागच्या वर्षी गाड्या विकल्या आणि एक जुनी बस घेतली. एका कंपनीची, कामगारांची ने-आण करणारी. म्हणाला, "हिचं घर करणार. तुझ्या वहिनीला घेऊन भारत बघणार." आम्ही सगळे हसलो. वहिनी हसली नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि दादाने गाडीने गाठला नाही असा प्रांत नाही, पण वहिनीला त्याने दाखवलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे शिर्डी.

बसचं घर करणं म्हणजे नुसती सीटं काढून पलंग टाकणं नव्हे, हे मला नंतर कळलं. गाडीत मनासारखा बदल करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरटीओची परवानगी लागते. अशा घरगाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानकही आहे. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. पण त्या कागदांची गोष्ट पुन्हा कधीतरी. आज फक्त टायर.

बसचे टायर संपलेले होते. सहा आणि एक स्टेपनी, सातही नवे घ्यायचे होते. मूळ साइज ९.००-२०. जुन्या पद्धतीचे आकडे आहेत हे: टायरची रुंदी साधारण नऊ इंच, रिमचा व्यास वीस इंच. आणि इथेच घरात तीन पक्ष झाले.

दादाचा पक्ष: १०.००-२० टाकायचे. "मोठा टायर म्हणजे मोठी ताकद. माझ्या पहिल्या बारादहाला नऊशेवीसच होते. पहिल्या वर्षीच काढून हजारवीस टाकले. मग कधी रस्त्यात उभी राहिली नाही." (ट्रकवाल्यांच्या भाषेत ९.०० म्हणजे नऊशे आणि १०.०० म्हणजे हजार. टिंब त्यांच्या लेखी नसतंच.)

पुतण्याचा पक्ष: ट्यूबलेस टाकायचे, २९५/८० आर २२.५, नव्या लक्झरी बसना असतात तसे. "पप्पा, आता ट्यूब कोण वापरतं? आमणेला समृद्धीवर चढायचं की थेट नागपूर."

आणि माझा पक्ष. खरं तर मला पक्ष नव्हताच. मला फक्त आकडे कळतात. मी म्हणालो, "बसचं वजन किती आहे?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नवऱ्या मुलीचं वय विचारलं.

मग मी वाचायला बसलो. टायरच्या कडेवर जो मजकूर असतो तो आपण कधी वाचत नाही, पण त्यात सगळं लिहिलेलं असतं. साइजच्या पुढे दोन आकडे आणि एक अक्षर असतं. पहिला आकडा टायर एकटा असताना किती वजन पेलेल त्याचा, दुसरा जोडीत असताना किती पेलेल त्याचा. हे किलो नसतात, सांकेतिक आकडे असतात, तक्त्यात बघायचे. १४१ म्हणजे २५७५ किलो. १३९ म्हणजे २४३० किलो. जोडीत टायर कमी पेलतो, कारण दोघांवर वजन कधीच अगदी सारखं पडत नाही. रस्ता मध्ये उंच असतो, एकात हवा थोडी कमी असते, मग दुसऱ्याला जास्त ओढावं लागतं. शेवटचं अक्षर वेगाचं. के म्हणजे ताशी ११०, एल म्हणजे १२० किलोमीटर.

तिन्ही पक्षांचे आकडे मी वहीत मांडले.

९.०० आर २०, चौदा प्लाय: एकटा २५७५, जोडीत २४३०.
तोच सोळा प्लाय: एकटा २८००, जोडीत २६५०.
१०.०० आर २०, सोळा प्लाय: एकटा ३०००, जोडीत २७२५.
२९५/८० आर २२.५, १५२/१४८ चा: एकटा ३५५०, जोडीत ३१५०.

कागदावर पुतण्या जिंकला. पण टायर मोठा घेतला की नुसती ताकद वाढत नाही, टायर जागाही मागतो. १०.००-२० हा ९.००-२० पेक्षा व्यासाने साधारण साडेतीन सेंटीमीटर मोठा. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढे कुठे घासतो का ते बघावं लागतं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ ने चाललेली असेल. रिमही थोडा रुंद लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या जोडीतलं अंतर. रुंद टायर जुन्याच रिमवर चढवले तर वजन आल्यावर दोघांच्या कडा एकमेकींना टेकतात, घासून तापतात, आणि हे बाहेरून दिसतही नाही. ट्यूबलेसला तर सातही रिम बदलावे लागणार, कारण वीसच्या रिमवर साडेबावीसचा टायर बसतच नाही. त्यात ट्रान्सपोर्ट गाडीच्या आरसीत टायरचा साइज लिहिलेला असतो, तो बदलला की पुन्हा आरटीओ.

दादा म्हणाला, "कागदावर टायर नाही चालत, रस्त्यावर चालतो." ते खरंच होतं. त्याने पस्तीस-चाळीस वर्षं जे केलं ते मी चार रात्री वाचून मोडीत काढणार होतो, आणि त्याला ते लागलं असणार. २०१८ च्या जुलैत सरकारने चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनावरून ११.५ टन केली तेव्हा तो म्हणाला होता, "आम्ही ते आधीपासूनच उचलतोय, सरकारनं फक्त आता कागद केला." तेव्हा मी हसलो होतो. आता सांगायला हरकत नाही, मी बी.कॉम. झालो ते त्याच वरच्या वजनावर. फी भरायच्या महिन्यात दादाची गाडी जास्त वाकलेली असायची.

वाद चिघळला तो भलत्याच कारणाने. दादा एका दुकानातून चार टायर घेऊन आला. १०.००-२०, नवे कोरे, वर केसं तशीच. भाव पाडून मिळाले म्हणून खुश होता. मी बॅटरी घेऊन त्यांच्या कडा वाचत बसलो. कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आकडे होते १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. टायर रस्त्यावर एक दिवसही धावलेले नव्हते आणि आठ वर्षांचे झाले होते. नखाने दाबलं तर खोबणीच्या तळाशी बारीक भेगा.

दादाला हा आकडा माहीत नव्हता असं नाही. पण ट्रकवाल्याला तो बघायची गरजच पडत नाही. त्याचा टायर वर्ष-दीड वर्षात झिजून जातो, मग रिमोल्ड, मग भंगार. म्हातारा व्हायला त्याला वेळच मिळत नाही. घरगाडीचं उलट. ती वर्षाचे नऊ महिने उभी. तिचा टायर झिजत नाही, वाळतो. ऊन आणि वय त्याला खातात, आणि वर केसं शाबूत असल्यामुळे तो शेवटपर्यंत नवाच दिसतो. दादाने ते चार टायर काहीही न बोलता परत नेऊन टाकले. दुकानदाराने पैसे दिले की नाही ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

त्यानंतर आठवडाभर त्याने टायरचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी सकाळी आला आणि म्हणाला, "चल, काट्यावर."

आधी बसमध्ये सगळं भरलं. डिझेलची टाकी फुल, पाण्याची टाकी फुल, गॅसची टाकी, गाद्या, भांडी, बॅटऱ्या, आणि आम्ही चौघं. रिकाम्या गाडीचं वजन करून काही उपयोग नाही, जशी फिरणार तशीच तोलायची. आमच्या भागात वजनकाट्यांना तोटा नाही. काटेवाल्याला मी सांगितलं की आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, आणि मग फलाटाच्या कडेने घेऊन मागच्या प्रत्येक बाजूचं वेगळं. तो वैतागला. "साहेब, घर आहे का सोनं?" दादा म्हणाला, "घरच आहे. तोल."

पुढे ४१८० किलो. मागे ८५६० किलो. एकूण १२७४० किलो.

मागच्या चार टायरांना चौदा प्लायचे मूळ टायर लावले तरी त्यांची ताकद होते ९७२०. म्हणजे हजार किलोहून जास्त जागा शिल्लक. दादाने सुस्कारा सोडला. मी पुढच्या दोन पावत्या समोर धरल्या.

मागची डावी बाजू ३६००. मागची उजवी बाजू ४९६०.

उजवीकडच्या दोन टायरांची मर्यादा ४८६०. चारांचा हिशेब पास होत होता आणि त्यातले दोन नापास. एकूण वजन बघून टायर घेतला असता तर आम्हाला हे कधी कळलंच नसतं. ट्रकमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण माल हौद्यात दोन्हीकडे सारखा पसरतो. पण घराचं तसं नसतं. घरात ओटा एका बाजूला असतो, पाणी त्याच्याच जवळ असतं आणि कपाट त्याच्या शेजारी. पाचशे लिटरची पाण्याची टाकी उजवीकडे, बॅटऱ्या उजवीकडे, आणि ओटा उजवीकडे. ओटा कसला, तर कडप्प्याचा. खाली टाइल्स लावून, बाजूला दगडी मोरीसकट. दादाने हौसेने करून घेतला होता, घरच्यासारखा.

"म्हणूनच म्हणत होतो हजारवीस टाकू," दादा म्हणाला. "दोनाचे साडेपाच टन पेलतात. मिटलं."

हिशेबाने ते मिटलंही असतं. पण टायर बदलून गाडी सरळ होणार नव्हती. एका बाजूला तेराशे साठ किलो जास्त घेऊन कसारा घाटातली वळणं उतरताना ती बाजू तशीच कलणार, त्याच बाजूच्या पाट्यांवर ताण येणार.

हे बोलणं चाललं असताना वहिनी बसच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तो ओटा काढून टाका की."

दादा म्हणाला, "अगं, तुझ्यासाठी केलाय. तुला उभ्याने करायची सवय."

"विचारलं होतंत का मला?" वहिनी म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी साधं. "एकतीस वर्षं ओट्यापाशी उभी आहे. भारत बघायचा तो पण ओट्यापाशी उभं राहूनच बघू का? एक शेगडी द्या, खिडकीजवळ बसून चहा करीन. जेवण ढाब्यावर. तुम्ही जेवलात ना इतकी वर्षं? मलाही बघू दे कसं असतं."

काटेवाला मध्येच म्हणाला, "मावशी बरोबर बोलल्या." कोणी हसलं नाही. दादा बराच वेळ हातातल्या पावतीकडे बघत राहिला.

मलाही त्या दिवशी वाटलं की काट्यावर मी गाडीसाठी आलो होतो खरा, पण घरात कोणावर किती पडलंय हे आपण कधी असं वेगवेगळं तोलून बघत नाही. एकूण बेरीज जमली की झालं. दादाने वजन वाहिलं ते मला निदान वाकलेल्या गाडीत दिसायचं. वहिनीचं कुठेच दिसत नव्हतं. असो.

ओटा निघाला. पाण्याची टाकी खाली चासीच्या मधोमध आडवी बसवली. बॅटऱ्या डावीकडे गेल्या. पुन्हा काट्यावर. पुढे ४१४०, मागे उजवीकडे ४२३०, डावीकडे ४०१०. जास्तीत जास्त ओझं असलेल्या टायरवर २११५ किलो. म्हणजे जो साइज बसबरोबर आला होता तोच पुरेसा होता. आम्ही ९.०० आर २० च घेतले, फक्त सोळा प्लायचे आणि सातही रेडियल, म्हणजे जोडीत प्रत्येकाला पाचशे किलोची मोकळीक. ट्यूब आणि फ्लॅपही नवे घेतले, ट्यूब रेडियलसाठीच्याच. आणि तारीख बघून, दुकानदारासमोर बॅटरी मारून. ती बॅटरी दादानेच मारली.

हवेचंही तेच. टायरच्या कडेवर जो आकडा असतो तो पूर्ण वजनासाठीचा. आपल्या वजनाला किती हवा लागते ते टायर कंपनीच्या तक्त्यात असतं. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी मोजायची. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडायची नाही. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, जास्त तापतो, आणि फुटतो तो बहुधा त्यानेच. समृद्धीवर २०२३ मध्ये आरटीओने टायरांची तपासणी सुरू केली ती काही उगीच नाही. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने पळताना टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. जोडीतल्या आतल्या टायरकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. दादा रॉडने ठोकून आवाजावरून सांगतो. मी म्हटलं, ठोक, पण गेजही लाव. आता दोन्ही करतो.

पुतण्याच्या ट्यूबलेसचं काय झालं ते राहिलंच. खरं सांगायचं तर त्याच्या म्हणण्यात एक गोष्ट अशी होती की मी गप्पच झालो होतो. ट्यूबच्या टायरला वीसचा रिम एकसंध नसतो. टायर चढवून वरून लोखंडी रिंग बसवतात, मग हवा भरतात. रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती गोळीसारखी उडते. दादाच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. आम्हाला लहानपणी सांगितलं होतं, दारात सापडली. १९८१ साली, सतरा-अठराव्या वर्षी, क्लीनर असताना ती रिंगेने गेली. हे मला चार महिन्यांपूर्वी कळलं, तेही पुतण्याशी वाद घालताना त्याच्या तोंडून निघून गेलं म्हणून. वहिनीलाही माहीत नव्हतं.

ट्यूबलेसच्या एकसंध रिमला ती रिंगच नसते. मी म्हटलं, खर्च मी करतो, रिम बदलू. पण दादा म्हणाला, "आडरस्त्याला कुठल्याही गावात ट्यूबचा पंक्चरवाला भेटतो. साडेबावीसचा भेटेलच असं नाही. मला रिंगेची भीती नाही, मला ती माहीत आहे." शेवटी वहिनीने अट घातली: वाटेत टायर दादाने स्वतः चढवायचा नाही. आणि दादाने पुतण्याला अंगणात बसवून शिकवलं. रिंग आधी घासून साफ करायची. वाकलेली किंवा चिरलेली असेल तर फेकायची. दुसऱ्या मापाची रिंग ठोकून बसवायची नाही. हवा भरताना रिंगेसमोर उभं राहायचं नाही, टायर पिंजऱ्यात नाहीतर साखळदंडाने बांधून लांब नळीने भरायची. हे सांगताना त्याने डावा हात पहिल्यांदाच पाठीमागे न ठेवता पुढे धरला होता.

मागच्या आठवड्यात पहिली फेरी झाली. राहनाळ ते सिन्नर, आमच्या मूळ गावी. कसारा चढून वर आल्यावर दादाने गाडी बाजूला घेतली आणि सवयीने खाली उतरून एकेका टायरला हात लावून बघितला. सगळे सारखेच कोमट. एखादा जास्त तापला असेल तर त्याचं काहीतरी बिघडलंय, हे त्याने मला तिथे सांगितलं. हे मला कोणत्याच तक्त्यात सापडलं नव्हतं.

वर खिडकीत वहिनी शेगडीवर चहा ठेवून बसली होती. तिने काच सरकवून विचारलं, "झालं का तुमचं? चहा उतू जाईल."

दादा हात पुसत म्हणाला, "आलो." आणि मागच्या उजव्या टायरला आणखी एकदा हात लावून वर चढला.